पार्वतीचं पान

भाऊसाहेब सरपोतदारांची आणि माझी ओळख एका चुकीच्या पाटावर झाली. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नागपूरहून दिल्लीला आलो होतो, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नुकताच लागलो होतो आणि मेसच्या राजम्याला विटलो होतो. भाऊसाहेब त्याच इमारतीत, आस्थापना विभागात. मराठी माणूस दिसला म्हणून त्यांनी मुलीच्या बारशाला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये जेवायला बोलावलं. पंगत मांडलेली, पानं वाढून झालेली, एक पाट रिकामा दिसला, मी बसलो.

"उठा, उठा! ते पार्वतीचं आहे," भाऊसाहेब ओरडले.

मी दचकून शेजारच्या पाटाकडे वळलो.

"ते अंबादासचं."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. भूक अनावर झाल्यावर धीर करून विचारलं, "या पार्वतीबाई येतायत कधी?"

"अठराशे सत्त्याहत्तरपासून वाट बघतोय," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले आणि तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं. "तुम्ही अकाउंट्सचे ना? मग सगळ्यांना सारखं वाढाल. या."

त्या दिवसापासून मी त्या घरचा वाढपी झालो आणि माझं नाव 'अकाउंट्स' पडलं. आता मी स्वतः निवृत्तीला आलो, तरी दोन्ही कायम आहेत.

हकिकत अशी. सत्त्याहत्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या एका गावात आठवड्याभरात पटकीनं आई-वडील गेले आणि तीन मुलं मागे राहिली. थोरला श्रीरंग, मधला अंबादास, धाकटी पार्वती. नातेवाईक जमले आणि त्यांनी मुलं वाटून घेतली. श्रीरंगला चुलत्यानं ठेवलं. अंबादासला कोण्या निपुत्रिक माणसानं दत्तक घेतलं आणि तो दूर कुठंतरी गेला. पार्वतीला मावशी घेऊन गेली. मावशी वर्षाभरात वारली, एवढं कळलं, पुढं काही नाही. श्रीरंग मोठा झाला, संसाराला लागला, पण घरात कुठलंही शुभकार्य निघालं की तो दोन पानं जास्त वाढायला लावी. हरवलेल्यांची दोन पानं. वाढायची, थोडा वेळ दाराकडे बघत थांबायचं, कुणी आलं नाही की गाईला घालायची आणि मग यजमानानं जेवायचं. श्रीरंग हे भाऊसाहेबांचे पणजोबा. सरपोतदार नगरहून पुण्याला, पुण्याहून दिल्लीला आले, पाटाच्या जागी टेबल आलं, पण दोन पानं काही हटली नाहीत.

निवृत्त होऊन भाऊसाहेब फरीदाबादला फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि मग त्यांनी पणजोबांच्या भावंडांचा शोध रीतसर हाती घेतला. बाकीचे निवृत्त लोक सकाळी पार्कात हसण्याच्या क्लबला जातात. भाऊसाहेब मेट्रो पकडून मराठी माणसं गाठू लागले.

त्यांची एक पद्धत होती आणि ती चांगली होती हे मला मान्य करावं लागेल. ते म्हणत, "दत्तक गेलेल्या मुलाचं आडनाव बदलतं, गोत्र बदलतं. पण सात वर्षांचं पोर देव विसरत नाही. अंबादासनं आपली मोहटादेवी नव्या घरात नेलीच असणार. ज्या घरात दोन कुलदैवतांचे टाक, ते घर आपलं." म्हणून गणेशोत्सवात दिल्लीतल्या एकेका मंडळात जाऊन ते अनोळखी बायकांना विचारत, "तुमच्या देव्हाऱ्यात टाक किती?" काहींना वाटलं जनगणनेचे आहेत. काहींना वाटलं चांदी विकत घेणारे आहेत. एका मंडळात तर अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेऊन समज दिली.

पण नोएडात एक बाई म्हणाल्या, "टाक? आमच्याकडे जोतिबा आहे, आणि एक कुठलीशी देवी आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या घरात कुणी दत्तक आले होते, त्यांच्याबरोबर आली म्हणतात."

देवी मोहटादेवी निघाली. दत्तक आलेल्यांचं नाव अंबादास निघालं. त्या बाईंचा मुलगा विक्रांत लघाटे, नोएडात सेक्टर बासष्टला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. भाऊसाहेब मला घेऊन त्याच्याकडे गेले. विक्रांतनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"अंकल, एक बात बताइए," तो म्हणाला. "प्रॉपर्टी का चक्कर है क्या?"

"नाही रे बाबा."

"ब्लड-व्लड चाहिए किसी को? किडनी?"

"अरे, तू फक्त जेवायला यायचंस. माझ्या मुलीच्या लग्नात. तुझं पान दीडशे वर्षं वाढून ठेवलंय."

विक्रांतनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सरकारी माणसानं मान डोलावली की दिल्लीत अजूनही थोडा फरक पडतो.

"चलो, ठीक है," तो म्हणाला. "पुरणपोळी असेल ना?"

अशा रीतीनं अंबादासचं पान भरायची सोय झाली. राहिली पार्वती.

आणि वेळ थोडा होता. सृष्टी ही भाऊसाहेबांची एकुलती एक मुलगी. हिचं बारसं, तेच ते, ज्यात मी चुकीच्या पाटावर बसलो. नोकरीत रमल्यानं तिनं लग्न लांबवलं होतं. आता डिसेंबरात सुधन्वा नावाच्या मुलाशी नोएडात व्हायचं होतं. भाऊसाहेब मला म्हणाले, "अकाउंट्स, या घरातलं हे शेवटचं लग्न. सृष्टी उद्या दुसऱ्या घरची. आमच्यानंतर ही पानं वाढणार कोण? पार्वतीचं पान याही वेळी रिकामं राहिलं, तर ते कायमचं रिकामं राहिलं." एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस हे हळू बोलला, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मग पार्वतींची रीघ लागली. जिच्या पणजीचं किंवा खापरपणजीचं नाव पार्वती होतं, अशी माणसं भाऊसाहेबांनी दिल्लीभरातून गोळा केली, आणि तेव्हा कळलं की महाराष्ट्रात एके काळी दर दुसऱ्या घरात पार्वती होती. कुणी कोकणातली निघे, कुणी वऱ्हाडातली, कुणी शंभर वर्षं उशिरा जन्मलेली. राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा नचिकेत नावाचा बीडकडचा मुलगा तीन रविवार ओळीनं फरीदाबादला येऊन जेवून गेला. चौथ्या रविवारी दोन मित्र घेऊन आला. भाऊसाहेबांनी पहिल्या वाटीभर आमटीनंतर त्याला नीट धरलं, "तुझ्या खापरपणजीचं नाव नक्की पार्वतीच ना?"

"बहुतेक पार्वतीच, काका," नचिकेत भातात आमटी कालवत म्हणाला. "नाहीतर मग राधाबाई."

कुसुमावतीवहिनींनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नींनी, त्याला आणखी भात वाढला. "राधाबाई तर राधाबाई. तूप घे."

लग्नाआधी एका शनिवारी मी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा फ्लेक्स पसरला होता. सरपोतदार घराण्याचा वंशवृक्ष. तो हॉलच्या दारात लागायचा होता. माझं काम, पिढ्यांची जुळणी बरोबर आहे का ते पाहणं. मी पाहत होतो. अंबादासच्या फांदीला विक्रांतपर्यंत पालवी फुटली होती. पार्वतीच्या फांदीवर मात्र एकच चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह.

वहिनी कणकेचे हात तसेच ठेवून बघायला आल्या. लग्नपत्रिकेवरून आधीच गोंधळ झाला होता. पत्रिकेवर 'इंद्रजित सरपोतदार' असं छापलेलं वाचून सोसायटीच्या सेक्रेटरीनं विचारलं होतं, "ये इंद्रजित साहब कौन हैं? भाऊसाहेबजी के भाई?" भाऊसाहेबांचं खरं नाव इंद्रजित आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

"हे झाड बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "पार्वती मिळाली का?"

"शोधतोय ना! पार्वती नावाची प्रत्येक—"

"पण पार्वती कशी सापडेल?"

"म्हणजे?"

"लग्नात नाव बदललं असेल ना तिचं."

 मी पेन खाली ठेवलं.

"मुलगी सातव्या-आठव्या वर्षी उजवायचे तेव्हा," वहिनी पुढं म्हणाल्या. "म्हणजे त्या दिवसापासून ती गंगा, नाहीतर रमा, नाहीतर आणखी कुणी. पार्वती नावाची बाई होतीच कुठं? सात-आठ वर्षांची पोर होती ती. आणि तुम्ही तिची पणतवंडं शोधताय त्याच नावानं!"

भाऊसाहेब खुर्चीत बसले. आडनाव बदलतं, गोत्र बदलतं, देव तेवढे राहतात, हा सगळा विचार त्यांनी अंबादाससाठी बारकाईनं केला होता. पार्वतीचं आडनाव बदललं असणार हेही धरलं होतं. पण ज्या रिवाजात ते जन्मले, वाढले, बोहल्यावर चढले, तो त्यांना आठवलाच नव्हता.

"तांदळात अंगठीनं माझं नाव तुम्हीच लिहिलंत ना?" वहिनी म्हणाल्या. "अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की भटजींनी तांदूळ सारखे करून दोनदा लिहायला लावलं. काय लिहिलंत?"

"कुसुमावती."

"आणि त्याआधी मी कोण होते?"

भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी फ्लेक्सकडे पाहिलं. तिथं फक्त 'सौ. कुसुमावती' होतं. वरच्या ओळीतही सगळ्या सौ. अशाच, सासरच्या नावानं.

"अगं, म्हणजे... जिभेवर आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"राहू दे तिथंच."

"हे बघ, तुला तरी माझं नाव कुठं माहीत आहे? सगळं जग मला भाऊसाहेब म्हणतं."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "घेत नाही." आणि पोळ्या लाटायला गेल्या.

पुढचा आठवडा भाऊसाहेबांनी पार्वतीला बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या बायकोच्या नावाचा शोध लावला. पहिला फोन भोपाळला, मेहुण्याला. जयंतराव म्हणाले, "ताईचं नाव? ताईच की. आम्ही ताईच म्हणायचो." मग पाच मिनिटं विचार करून, "थांबा, हिला विचारतो." आतून बायकोचा आवाज आला, "काही सांगू नका. ताईंचा सकाळीच फोन आला होता."

मंडळाच्या भिशीतल्या बायकांना सगळ्यांची माहेरची नावं पाठ होती, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. भाऊसाहेबांनी मग पुरुषांना गाठलं. तेव्हा असं दिसलं की मंडळातले निम्मे पुरुष याच प्रश्नाला फोन तपासू लागतात किंवा त्यांना अचानक गाडी काढायची असते. दोघांच्या घरी त्या रात्री जेवणं उशिरा झाली. माझं त्यात निभावलं, कारण माझ्या बायकोनं लग्नात नाव बदलू दिलं नव्हतं. मला तेव्हा राग आला होता. आता मी तिचा आभारी आहे.

सृष्टीनं तर बापाला सरळ सांगितलं, "बाबा, मला माहीत आहे. पण हे गूगल करायचं काम नाही. तुम्हीच काढा."

"अगं, निदान पहिलं अक्षर!"

"बिल्कुल नाही."

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. भाऊसाहेब चहा करत होते. त्या घरात मी हे पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी ट्रे आणून वहिनींसमोर ठेवला, समोरची खुर्ची ओढली, कागद-पेन्सिल घेतली आणि घसा साफ केला.

"नमस्कार," ते म्हणाले. "आपल्याला थोडा त्रास देतो. आमच्या घराण्याची माहिती जमवतोय. आपलं गाव कुठलं?"

हीच वाक्यं त्यांनी दिल्लीतल्या कित्येक म्हाताऱ्यांना ऐकवली होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना, म्हणून मी बिस्किट तोंडात घातलं.

"भुसावळ," वहिनी म्हणाल्या.

"वडील काय करायचे?"

"रेल्वेत गार्ड. तुम्हाला माहीत आहे."

"आपण सांगा, मी लिहितो." मग एकाएकी पेन्सिल थांबली आणि डोळ्यांत चमक आली. "आपल्या पणजीचं माहेर कुठलं? नगरकडचं तर नाही?"

"का हो?" वहिनी म्हणाल्या. "माझी पणजी तुमची पार्वती निघाली, तर आपण भावंडं लागू. इतक्या वर्षांनी लग्न मोडायचंय? परवा मुलीचं लग्न आहे."

भाऊसाहेबांनी घाईघाईनं तो प्रश्न खोडला.

मग मात्र त्यांनी नीट विचारलं आणि वहिनींनी नीट सांगितलं. रेल्वे कॉलनीतलं घर, रात्री ड्यूटीवरून येणाऱ्या वडिलांच्या कंदिलाचा तांबडा उजेड, गाडीच्या आवाजावरून वेळ ओळखणारी आई. चहा थंड झाला, कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "उन्हाळ्यात तापीवर जायचो. मी काठ ते काठ पोहायची. मुलांच्याही पुढं."

"तुला पोहता येतं?" भाऊसाहेबांचं 'आपण' सुटलं.

"येतं."

"मग कधी बोलली नाहीस!"

"कुठं पोहणार? यमुनेत? की बडखलच्या आटलेल्या तलावात?" वहिनी हसल्या. "भान नसायचं मला पाण्यात. संध्याकाळ झाली की काठावरून मैत्रिणी ओरडायच्या, 'शरयू, पुरे! शरयू, आता बाहेर ये!'"

त्या थांबल्या. बहुधा आपण काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं. भाऊसाहेबांची पेन्सिल कागदावर होती, पण ते लिहीत नव्हते.

"शरयू," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा वेगळ्या सुरात, "शरयू."

"चहा फार उकळलाय," वहिनी म्हणाल्या आणि ट्रे उचलून आत गेल्या.

लग्नाचा दिवस आला. पार्वतीचं कुणी सापडलं नव्हतं, आणि आता सापडणार नाही हे भाऊसाहेबांनाही कळलं होतं. तरी आयएनए मार्केटातून केळीची दोन पानं आली. बँक्वेट हॉलचा मॅनेजर हैराण होता. "सर, पाँच सौ लोगों का बफे है, और दो पत्ते ज़मीन पे? कोई बाबाजी आ रहे हैं क्या?"

"घरवाले हैं," भाऊसाहेब म्हणाले.

"तो सर, सोफा लगा देता हूँ!"

शेवटी चाट काउंटर आणि आइस्क्रीम यांच्या मधे एक कोपरा मोकळा झाला. दोन पाट, दोन पानं, भोवती रांगोळी. चार-पाच पाहुण्यांनी तिथं उभं राहून सेल्फी काढले. मंगलाष्टकं झाली, कन्यादान झालं, अंबादासच्या पाटावर विक्रांत जीन्स सांभाळत मांडी घालून बसला. पार्वतीचा पाट रिकामा. रिवाजाप्रमाणे भाऊसाहेब दाराकडे बघत उभे राहिले. मीही तुपाचं भांडं घेऊन उभा. दारात फ्लेक्स लावलेला होता. तो नवा छापून आणला होता. सगळी सासरची नावं तशीच ठेवून एका ठिकाणी 'शरयू कुसुमावती' केलं होतं, आणि इतर सौ.च्या नावांआधी माहेरच्या नावासाठी छोटी रिकामी जागा सोडली होती.

दारातून डीजेवाला आत आला. बाकी कुणी नाही.

भाऊसाहेब वळले आणि वहिनींना म्हणाले, "शरयू, बस."

"मी?" वहिनींनी इकडंतिकडं पाहिलं. "अहो, काहीतरीच काय! मी मुलीची आई. पाहुणे उपाशी आणि मी पहिल्या पंगतीला?"

"पणजोबांनी काय सांगितलं होतं? हरवलेल्यांची पानं. नाव हरवलेली मुलगी दीडशे वर्षांपूर्वीचीच पाहिजे असं काही ते म्हणाले नव्हते. माझ्या घरात एक होती. मला सापडली. बस."

"हे नियमात बसतं का?" वहिनींनी मला विचारलं.

"खर्च मंजूर बाबीत बसतो, वहिनी," मी म्हणालो. नोकरीत इतक्या वर्षांत मी एवढ्या पटकन कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.

सृष्टीनं शालूचा पदर खोचून आईला हाताला धरून बसवलं. वहिनी अंग चोरून बसल्या, मग नीट बसल्या. शेजारी विक्रांतची तिसरी पुरणपोळी चालू होती. त्यानं त्यांच्या पानाकडे पाहून म्हटलं, "आंटी, आप नहीं खा रहीं तो ये वाली ले लूँ?"

"आंटी कोणाला म्हणतोस?" वहिनी एकदम ताठ झाल्या. "कुणाच्या पानावर बसलेय मी? पार्वतीच्या. अंबादासची सख्खी बहीण. मी तुझी खापरपणजी लागते. आधी नमस्कार कर."

"खापर... क्या?"

"दादी की दादी," सृष्टी म्हणाली.

विक्रांत हात पुसून खरोखर वाकला. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपली पोळी उचलून त्याच्या पानात घातली. मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली, आणि ती भाऊसाहेबांवर येऊन थांबली. लग्नातल्या उखाण्यानंतर त्या बाईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. पण पार्वतीला कसली अडचण? पार्वती तर त्याच्या पणजोबांची बहीण.

"इंद्रजित," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उभा काय राहिलायस? तूप वाढ."

सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित कोण ते शोधायला मान वळवून बघू लागले. भाऊसाहेबांनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं, वाकले, आणि वाढू लागले. वहिनी पुरे म्हणेनात आणि ते थांबेनात. मला 'सारखं वाढा' असं शिकवणाऱ्या माणसानं त्या दिवशी एका पानावर अर्धं भांडं रिकामं केलं.